मांजरीचा पुढचा डावा पाय

दार मी लावलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या उन्हाळ्यात ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी कुत्र्याचं नाव सांगितलं. शेजारच्या मावशींना, गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना, परभणीच्या डॉक्टरीणबाईंना. फोनवर भावालासुद्धा.

आमचं घर बोरीत आहे. घरात दोघंच, आबा आणि मी. आई जाऊन सहा वर्षं झाली. माझं लग्न तीन वर्षं टिकलं, मग मी परत आले ती कायमचीच. पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाऊज शिवते. भाऊ पुण्याला असतो. आबा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या मोंढ्यात हर्राशी पुकारायचे. कापूस, तूर, हरभरा, जो माल येईल त्याच्या ढिगासमोर उभं राहून ते बोली चढवायचे. आवाज असा, की घरात साधं पाणी मागितलं तरी गल्लीला कळायचं. शाळेत असताना मला त्या आवाजाची लाज वाटायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. आवाज राहिला, पण शब्द गेले. सगळ्या शब्दांतून एकच शिल्लक राहिला, तो म्हणजे 'उद्या'.

"आबा, जेवता का?"

"उद्या."

"पाठ दुखायली का?"

"उद्या."

मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, अशा आजारात एखादा शब्द जिभेवर अडकून बसतो, त्याचा अर्थ धरायचा नसतो. पण दिवसातून वीस वेळा ऐकल्यावर माणूस अर्थ धरतोच. कधी कधी मला वाटायचं, ते मला चिडवतायत.

मांजर आमच्याकडे आली ती आबांच्या आजाराच्या आधी थोडे दिवस. मागच्या बाजूला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्यात एकटीच म्याव म्याव करत बसलेली सापडली. करड्या रंगाची, पोटाखाली पांढरी. आबांना मांजरं आवडत नसत. "ही जात कुणाची न्हाई," असं म्हणायचे. मी तिला नाव ठेवलं नाही. 'ये गं' म्हटलं की ती यायची, तेवढं पुरायचं. मी मशीनवर बसले की ती कापडाच्या चिंध्यांच्या पाटीत झोपायची. घरात मी हाक न मारता माझ्याजवळ येणारी तीच एक होती.

लगीनसराईचे दिवस होते. एका नवरीचे पाच ब्लाऊज दुपारपर्यंत द्यायचे होते, आणि त्या सकाळी आबांनी दोनदा अंथरूण ओलं केलं. दुसऱ्यांदा चादर बदलून मी त्यांना खिचडी भरवायला बसले. चौथा घास त्यांनी तोंडात धरला, गिळला नाही, मग माझ्या अंगावर थुंकला. मी पदर पुसला. तेवढ्यात भावाचा फोन आला. "तू हायस म्हणून मला काळजी न्हाई बघ," तो म्हणाला. हे तो चांगल्या मनानंच म्हणतो. मी फोन ठेवला आणि ताटली पुन्हा हातात घेतली.

"आबा, दोन घास खाऊन घ्या. मला लय कामं हायत."

"उद्या."

मी ताटली खाली आपटली आणि खोलीतून बाहेर पडताना मागं न बघता दार ओढलं. आबांच्या खोलीचं दार लोखंडी आहे, जड. मी ते सगळ्या जोरानं ओढलं. दार लागलं नाही. त्याऐवजी जो आवाज आला तो मांजरीचा आहे हे कळायलाच मला क्षण लागला. ती बिजागरीच्या बाजूनं माझ्या मागोमाग बाहेर येत होती. पुढचा डावा पाय फटीत सापडला होता.

दार ढकललं तशी ती सुटली आणि आबांच्या खाटेखाली गेली. फरशीवर रक्ताचे ठिपके. मी गुडघ्यांवर बसून तिला ओढून काढली. कडेचं बोट चिरडलं होतं, नुसतं कातडीला लोंबत होतं. मी वर बघितलं. आबा माझ्याकडे बघत होते. उशीवरून मान वळवून, डोळे न हलवता. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आणि माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते लिहायलाही नको वाटतं. मनात आलं, बरं झालं, यांना बोलता येत नाही.

आवाज ऐकून शेजारच्या मावशी धावत आल्या. त्यांचं आणि आमचं अंगण एकच, मध्ये कमरेएवढी भिंत. "काय झालं माय?"

"कुत्र्यानं धरलं," मी म्हणाले. इतकं सहज तोंडातून गेलं, की मलाच नवल वाटलं.

गावातल्या डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. ते बिचारे म्हशी-बैलांचे. "बोट काढावं लागतं बाई. मांजराला भूल द्यायचं माझ्याकडं न्हाई. परभणीला घेऊन जा." दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना आबांजवळ बसवून मी निघाले. भाजीच्या प्लॅस्टिकच्या जाळीत तिला घातलं, वर ओढणी बांधली. बसमध्ये ती एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

परभणीच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान. पाय हातात घेऊन त्यांनी बराच वेळ बघितला. "दातांच्या खुणा दिसत नाहीत. कुठं अडकला होता का?"

"काय माहीत. बाहेरून आली ती तशीच."

त्यांनी पाय हळूच खाली ठेवला. एकच बोट काढायचं, लहानसं काम आहे, असं म्हणून त्यांनी तिला आत नेलं. मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. समोर एक शेतकरी शेळी घेऊन बसला होता, तो शेळीशी गप्पा मारत होता. मला वाटलं, मी घरात कुणाशी शेवटचं नीट बोलले त्याला किती दिवस झाले.

दुपारी ती परत हातात मिळाली. डोळे उघडे, पण त्यात ओळख नाही. पायावर गुलाबी पट्टी. बाईंनी सगळं सांगितलं आणि एका कागदावर लिहूनही दिलं. दहा दिवस एका खोलीत ठेवायची, उड्या मारू द्यायच्या नाहीत. शी-शूला माती नको, घमेल्यात कागदाचे तुकडे टाकायचे. एक दिवसाआड पट्टी बदलायची. सकाळ-संध्याकाळ औषध सुईविना पिचकारीनं तोंडात. आणि माणसाची दुखण्याची गोळी चुकूनही नाही, मांजर मरतं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकू लागतो, पण त्यांच्याकडचे लहान मापाचे संपले होते. "घरी जुनी एक्स-रेची फिल्म असेल ना? तिचा कापून करा."

फिल्म घरी होती, आबांच्या डोक्याची. आजारपणातली ती मोठी काळी फिल्म, ओळीनं मेंदूचे फोटो. मी शिवणकामाच्या कात्रीनं तिचा अर्धगोल कापला, कडेला मऊ कापडाची पट्टी शिवली, मांजरीच्या गळ्यात बांधला. उन्हाच्या बाजूला तिनं तोंड केलं की ते फोटो उजेडात दिसायचे. आबा ते बघत राहिले. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही.

दार नीट लागणारी आणि कूलर असलेली खोली एकच, आबांची. बाहेर ऊन असं की दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची ये-जा. त्यामुळं मांजर आबांच्या खोलीतच ठेवली. मला वाटलं, ते चिडतील. खाटेजवळ चिंध्यांची पाटी, कोपऱ्यात घमेलं. आधीच औषधांचा आणि अंथरुणाचा वास असलेल्या खोलीत आणखी एक वास वाढला. एका खोलीत दोन आजारी, आणि दोघांचंही सगळं मीच करायचं. आबांची पिचकारी वेगळी, मांजरीची वेगळी, कापूस एकच.

पहिल्या पट्टीला मावशी धरायला आल्या, पण मांजरीनं त्यांच्या मनगटाला ओरबाडलं. "मला न्हाई जमायचं माय. दुखण्याची अर्धी गोळी चारून दे, मी रोज घेते ती. गप पडून राहील."

"गोळीनं मरते ती, मावशी."

"मग बस आता." असं म्हणून त्या गेल्या.

मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, पण पाय धरू की पट्टी सोडू, दोन हात पुरेनात. शेवटी वैतागून मी ते गाठोडं आबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. "धरा," मी म्हणाले. उत्तराची अपेक्षा नव्हती. त्यांनी डावा हात उचलला, चांगला हात, आणि तिच्या मानेमागं ठेवला. घट्ट नाही, सैलही नाही. मांजर थांबली. मी पट्टी सोडली, जखम धुतली, औषध लावलं, नवी पट्टी बांधली. दोन वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम होतं. मी आबांकडे बघून हसले बहुतेक. त्यांचं लक्ष मांजरीकडे होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. दुपारी मी मशीनवर होते. दोरा तुटला म्हणून थांबले, आणि आतून आवाज आला.

"थांब... थांब माय. थांब."

आवाज आबांचा होता. जड, ओढत आणलेला, पण शब्द. मी उठून धावले. ते मांजरीच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, ती गळ्यातला शंकू खाटेच्या पायाला घासत होती.

"आबा! काय म्हणालात? परत म्हणा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उद्या."

मी त्या दिवशी खूप रडले, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्यासमोर मुळाक्षरांचं पुस्तक धरलं होतं. फोटो दाखवून 'ही कोण, आई, म्हणा आई' असं केलं होतं. फोनवर बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई लावल्या होत्या. आणि त्यांचा पहिला शब्द गेला कुणाला, तर जी जात कुणाची नाही तिला.

मी खोलीत असले की ते गप्प असायचे. बाहेर मशीन चालू झालं की बोलायचे. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू येत नसेल, असं त्यांना वाटत असावं. म्हणून मग मी लबाडी सुरू केली. कापड न लावता मशीन हळू चालवायची, पाय पायडलवर, आणि कान मधल्या दाराकडे. हातात काम नाही, सुई नुसतीच वरखाली. नवरीकडची माणसं दोनदा येऊन रिकाम्या हातानं परत गेली.

"दुखायलंय... लय?" ते विचारायचे. मग, "भूक हाय का?" एकदा नुसतं "एक बार... दोन बार..." असं हर्राशीतलं, अगदी बारीक आवाजात, जणू झोपलेल्या लेकराला. ज्या आवाजाची मला लाज वाटायची तो आवाज असाही होऊ शकतो हे मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर, भिंतीआडून कळत होतं.

आणि सहाव्या दिवशी ते म्हणाले, "दार."

मी मशीन चालूच ठेवलं.

"दार... तिनं. तिनंच लावलं दार." थोडं थांबून, "मी बघितलं."

ते मांजरीला सांगत होते. मला नाही, मावशींना नाही, भावाला नाही. ज्या एका जिवाला ते सांगायची गरज नव्हती, तिला.

मी मशीन बंद केलं. आत गेले. त्यांच्या खाटेसमोर उभी राहिले. "आबा, मी मुद्दाम न्हाई लावलं," मी म्हणाले. "मला दिसली न्हाई ती. आबा, मी दोन वर्षं... मी थकले होते त्या दिवशी." आणखीही बरंच बोलले. खिचडीचं, चादरीचं, माझ्या मोडलेल्या लग्नाचं, जे तिथं आणायचं काही कारण नव्हतं. ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, आणि मला वाटलं, आता येईल.

"उद्या," ते म्हणाले.

त्यानंतर मी त्या खोलीत लागेल तेवढंच जायला लागले. भरवलं, पुसलं, औषध दिलं, बाहेर. मांजरीच्या पिचकारीचं औषध देताना तिच्याकडे बघायचं टाळायची. पट्टी बदलायचा दिवस आला तो मी एका दिवसानं पुढं ढकलला. आणि त्याच दिवसात तिनं शंकूची गाठ सोडवली. कधी सोडवली, मला कळलं नाही. सकाळी केर काढायला गेले तेव्हा फिल्म खाटेखाली पडली होती आणि पट्टी चिंध्यांच्या पाटीत. टाके उघडलेले. जखमेला वास येत होता. उन्हाळ्याचे दिवस, माश्या. आबा तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते, डावा हात खाटेच्या लोखंडावर आपटत होते. कदाचित आदल्या दिवसापासून आपटत असतील. मी तो आवाज ऐकला होता. ऐकून उठले नव्हते.

पुन्हा जाळी, पुन्हा बस. परभणीला बाईंनी जखम उघडून बघितली आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "हे कालचं नाही. असं कसं लक्षात आलं नाही तुमच्या?"

"दार माझ्या हातानं लागलं होतं," मी म्हणाले. त्यांनी हे विचारलंच नव्हतं.

त्या हातमोजे चढवत होत्या. "ते पहिल्याच दिवशी कळलं होतं मला पायावरून," त्या म्हणाल्या. "औषध तेच राहतं. धरा तिला."

एवढंच. मला वाटलं होतं, सांगितलं की काहीतरी सुटेल. काहीच सुटलं नाही. मी मांजरीला धरलं, त्यांनी जखम साफ केली, खराब झालेलं काढलं, पुन्हा टाके घातले. आता रोज पट्टी, आणखी बारा दिवस.

ते बारा दिवस मी काही चुकवलं नाही. शंकूची गाठ रोज दोनदा तपासली. पाणी उकळून गार करून ठेवलं. शिवणाची नवीन कामं घेतली नाहीत. पण मांजरीला यातलं काय कळणार? तिच्या लेखी मी म्हणजे रोज सकाळी येऊन दुखवणारी बाई. माझी पावलं वाजली की ती आबांच्या काखेत शिरायची. आबा तिच्यावर हात ठेवायचे, मग माझ्याकडे बघून तो हात हळूच काढून घ्यायचे, कारण पट्टी करायचीच असते हे त्यांना कळत होतं. त्यांचं तोंड त्या वेळी असं व्हायचं, जणू ते तिला माझ्या ताब्यात देतायत.

या दिवसांत त्यांची वाक्यं वाढली. मशीन नुसतं चालवायचं मी सोडून दिलं होतं, तरी अंगणातून ऐकू यायचं. "ऊन लय हाय भाईर." "जाऊ नको." एकदा हसल्याचा आवाज आला. मी भावाला फोन करून सांगितलं. त्यानं लगेच व्हिडिओ लावला, वहिनी, मुलं सगळी जमली. "आबा, बोला ना! आबा, मी बोलायलोय!" मी फोन आबांच्या तोंडासमोर धरला. मांजर मांडीवरच होती.

"उद्या," आबा म्हणाले.

मी फोन घेऊन बाहेर आले तसा भाऊ म्हणाला, "तुला वाटलं असंल गं. एकटी असतीस, होतं असं." मी वाद घातला नाही. मावशींनी एकदा भिंतीपलीकडून ऐकलं असेल म्हणून त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचा टीव्ही चालू असतो माय." म्हणजे ऐकणारी मी एकटीच, आणि बोलणं माझ्यासाठी नव्हतंच.

टाके काढायला परभणीला गेले तेव्हा बाई खूश झाल्या. जागा कोरडी, केस उगवायला लागलेले. "आता सोडा मोकळी. थोडी लंगडेल, मग सवय होईल." घरी आणून मी शंकू काढला. तिनं अंग झटकलं, पाय चाटला, जिथं बोट नव्हतं तिथं जरा जास्त वेळ. मग मी दार उघडलं. वाटलं होतं, ती आधी उंबऱ्यात बसेल, अंदाज घेईल. ती थेट बाहेर पडली. अंगणात तीन पायांवर टेकत गेली, भिंतीखाली थांबली, एकदा उडी चुकली, दुसऱ्यांदा चढली, आणि पलीकडे उतरली.

संध्याकाळी मी दूध ठेवलं. सकाळी ते तसंच, वर मुंग्या. दोन दिवसांनी कळलं, ती मावशींच्या घरात आहे. त्यांच्या ज्वारीच्या कणगीमागं झोपते, त्यांच्या हातचं खाते. ज्यांना तिनं ओरबाडलं होतं त्यांच्या! मी बघायला गेले. 'ये गं' म्हणाले. तिनं मान वर केली, मला ओळखलं, आणि कणगीमागं गेली. ओळखलं नसतं तर बरं.

आबा दाराकडे तोंड करून पडायचे. दुपारचा त्यांचा आवाज बंद झाला. जेवण कमी झालं. आठ दिवस मी बघितलं आणि मग मला सुचलं ते मी केलं. मावशींच्या घरी जाऊन, तिच्यावर टॉवेल टाकून, तिला पकडून आणली. तिनं माझा हात कोपरापर्यंत फाडला. आबांच्या खोलीत सोडून मी दार लावलं, या वेळी दोन्ही हातांनी, हळू, फटीत बघून. "आबा, आणली बघा," मी म्हणाले.

ती कूलरच्या मागं शिरली आणि ओरडायला लागली. दुखण्याच्या दिवसांत जी एकदाही ओरडली नव्हती ती आता थांबेना. बसून, ओणवी होऊन, दूध दाखवून, सगळं केलं. आबांनी तिला बोलावलंही नाही. नुसते ऐकत होते, आणि डोळ्यांतून पाणी उशीवर जात होतं. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"सोड," ते म्हणाले. "सोड तिला."

माझ्याकडे बघून. मला. दोन वर्षांत मला उद्देशून आलेली ही त्यांची पहिली वाक्यं. मी किती दिवस त्यांची वाट बघितली होती, आणि ती आली तेव्हा मला दार उघडण्याशिवाय काही करता आलं नाही. मांजर गेली. मी उंबऱ्यात तशीच उभी राहिले. "आबा, अजून काही बोला," असं म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मावशींनी नंतर कुणाकडून तरी एक पिल्लू आणून दिलं. काळंपांढरं, गोड. आबांच्या हाताजवळ ठेवलं तर त्यांनी हात पांघरुणात घेतला. तिसऱ्या दिवशी ते पिल्लू मी परत केलं.

आता हिवाळा लागलाय. तूर फुलोऱ्यात आहे, सकाळी अंगणात थंडी असते. त्या दोन वाक्यांनंतर आबा काहीही बोललेले नाहीत, तो जुना शब्दसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वयोमान आहे, पुन्हा एखादा लहानसा झटका येऊन गेला असेल, आपल्याला कळला नसेल. असेल. मी आता त्यांना काही विचारत नाही. विचारलं की उत्तराची वाट बघितली जाते, आणि मला ती वाट बघवत नाही.

मागच्या आठवड्यात परभणीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या जुन्या रुग्णांची चौकशी करत होत्या. "मांजर कशी आहे? लंगडते का?"

"न्हाई," मी सांगितलं. "चांगली चालते. भिंतीवर चढते."

"छान केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा आणलीत तेव्हा मला वाटलं होतं, पायच जातो की काय. घरी एवढं कुणी करत नाही."

मी बरं म्हणाले. फोन ठेवला, तवा चुलीवरून उतरवला, भाकरी दुधात कुस्करली आणि आबांना भरवायला आत गेले. त्यांनी चार चमचे घेतले. पाचव्याला तोंड उघडलं नाही. मी त्यांचं तोंड पुसलं आणि वाटी घेऊन बाहेर आले.